पाठीवरचा आणि खालचा

रविवार, संध्याकाळ. पिंप्राळा.

दिवाळी अंकात माझी परग्रहावरची गोष्ट आली, आणि आली ती अशी! माझ्या गोष्टीत जीव जोडीनेच जगतात. खालचा चालतो, पण आंधळा आहे. पाठीवरचा बघतो, पण त्याला पाय नाहीत. त्यांच्या गावसभेत दोघांचं एकमत झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. संपादक नानांनी मला न विचारता खालच्याला 'नोकर' करून टाकलं. नोकर!

सकाळीच धुळ्याला गेले, देवपुरात त्यांच्या घरी.

"ताई, कोणीतरी मालक लागतोच," नाना म्हणाले.

"मग माझ्या गोष्टीत उरलं काय?"

"बठ्ठं, सगळं काल्पनिकच तर शे. एवढं काय चिडता?"

नानांच्या पत्नी, काकू, चहा घेऊन आल्या होत्या. अंकाची सगळी मुद्रितं त्याच तपासतात, नाव मात्र एकट्या नानांचं. त्या म्हणाल्या, "तो शब्द मी दोनदा खोडला होता. यांनी परत घातला."

"तुला काय कळतं त्यातलं?" नाना ओरडले.

काकूंनी ट्रे टेबलावर आपटला. "पुढचा अंक तुम्ही एकट्यानेच काढा."

मग बसस्टँडपर्यंत त्या माझ्याबरोबर चालत आल्या. राग कुणाचाच उतरला नव्हता.