अर्धीच तर दिली

१८ जून

चि. धाकट्यास,

तुझं पत्र पोचलं. इकडे आम्ही बरे आहोत, असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. फोनच करणार होते, पण माझा आवाज चढला असता आणि तू नेहमीसारखा 'ताई, नंतर बोलतो' म्हणून ठेवून दिला असतास.

कागदावर दोन रकाने आखून पाठवलेस. एकीकडे अल्प्राझोलाम, दुसरीकडे डायझेपाम, आणि खाली प्रश्न, 'यातली स्ट्राँग कोणती? बाबा नऊ ते सहा शांत राहायला हवेत.' फ्रिज घेताना माणसं असं विचारतात रे. मी ते दुकानात, काउंटरवरच वाचलं. शिसारी आली. गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून मागे जाऊन चूळ भरून आले.

तरी विचारलंस म्हणून सांगते. सव्वीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी आहे. पाकिटावरचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. अल्प्राझोलामची पॉइंट पाच मिलिग्रॅमची ती इवलीशी गोळी साधारण डायझेपामच्या दहाच्या गोळीच्या तोडीची असते. तू लिहितोस, 'आधी सासऱ्यांची उरलेली दहाची अर्धीच तर दिली. ती संपली म्हणून पॉइंट पाचच्या दोन दिल्या. एकच की.' एकच नाही, शहाण्या. चौपट झाली. म्हणून बाबा बाथरूमच्या दारात पडले. आणि डॉक्टरांना सांगितलंस काय, तर वयामुळे तोल गेला! त्याची मला सगळ्यात जास्त किळस वाटते.

छोटी लवकर चढते, लवकर उतरते. दुसरी म्हाताऱ्या अंगात दिवसचे दिवस रेंगाळते. भीतीनं जीव कासावीस होतो, फिट येते, त्यासाठी ही औषधं, तीही डॉक्टरांनी लिहून दिली तर आणि बहुतेकदा थोडे दिवस. आपल्याला निवांत ऑफिसला जाता यावं म्हणून नाहीत. आता घाबरून एकदम बंदही करू नकोस, तेही धोक्याचं आहे. हे वाचताक्षणी डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांग.

'अर्धीच तर' हे तू कुठून उचललंस, ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी बाबा माझ्याकडे होते तेव्हा दिवसभर एकच, 'तुझी आई बाजारातून आली का?' आई जाऊन चार वर्षं झाली, हे दर तासाला सांगून मी कंटाळले. मग त्यांच्या दुपारच्या चहात यातलीच अर्धी गोळी चुरून घालायला लागले. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती, दुकानातूनच उचलली. असे दोन महिने. बाबा एवढे शांत कसे, असं तू विचारलंस तेव्हा मीच हसून म्हटलं होतं, 'अर्धीच तर देते.' तुला नावं ठेवायला मला तोंड नाही, तरी ठेवतेय.

काल तू ऑफिसात असताना त्यांना फोन लावला. जीभ जड होती, पण माझा आवाज ओळखला. म्हणाले, "पोरी, तुझ्याकडचा दुपारचा चहा कडू लागायचा."

मग तेच पुढे म्हणाले,

"मला कळायचं गं. पण मी पडून राहिलो की तूही जरा पडायचीस. म्हणून पिऊन टाकायचो."

शनिवारी सकाळी येतेय. डॉक्टरांपुढे आधी मी बोलेन, मग तू. नंतर मी बाबांना घेऊन जाईन, ते यायला तयार असतील तर.

मोठ्या बहिणीनं इथे आशीर्वाद लिहायचा असतो. आज माझ्याकडे नाही.

ताई