विहीर सर्वांची

ता. नांदगाव खंडेश्वर
८ एप्रिल २०२५

चि. हर्षा हिस आबाजींचे आशीर्वाद.

फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. एक मेला गावच्या नव्या पाणीटाकीला माझे आजोबा पंजाबराव यांचं नाव देणार आहेत. सरपंच खुशालराव म्हणतात, घरातली तसबीर तिथेच लावू. शंभर वर्षांपूर्वी मासिकात त्यांचं हे चित्र छापून येणं लहान गोष्ट नाही. तसबिरीचा फोटो सोबत आहे. मानाने पागोटं विहिरीपेक्षा मोठं काढलं आहे. खाली ‘विहीर सर्वांची’ असं लिहिलं आहे. माझी चौथीच झाली, तू कॉलेजात शिकवतेस. पाटीसाठी दोन ओळी दे. सगळं नीट होईल ना, या काळजीने जेवण जात नाही. तू मात्र वेळेवर जेवत जा.

तुझा आजा,
महादेवराव

अकोला
१६ एप्रिल

ती. आबाजींस सा. न.

सरळच लिहिते. ते मासिक विनोदी होतं. चित्र मान द्यायला नाही, हसायला काढलं आहे. पंजाबराव सभेत विहीर सर्वांची म्हणत आणि घरी येऊन तिला कुलूप लावत, असं चित्रकाराला सांगायचं आहे. कुंपणाबाहेरच्या बायकांच्या घागरी पालथ्या आहेत. अस्पृश्य म्हणून त्यांना पाणी नव्हतं. मीही पागोटंच पाहत बसले होते. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या दीक्षाची पणजी अशाच कुंपणाबाहेर उभी राहायची. दीक्षाने आधी पंजाबरावांच्या कमरेची किल्ली पाहिली. ती हसली नाही. चहा संपवून तासाला गेली.

पाटीच्या ओळी माझ्याने होणार नाहीत. रागावा, पण गोळ्या चुकवू नका.

आपली नात,
हर्षा

ता. नांदगाव खंडेश्वर
२४ एप्रिल

चि. हर्षा हिस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मग बैलांना पाणी पाजलं, जेवलो. वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली. काहीच वाटलं नाही. खुशालरावांना नाव नको म्हणून सांगून आलो. काहून नको, असं त्यांनी तीनदा विचारलं, म्हातारपणी डोकं फिरलं का तेही विचारलं. मी चित्रातल्या किल्लीवर बोट ठेवलं.

आपल्या देवघरात एक लोखंडी किल्ली आहे. दर दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहतो. कशाची, असं तुझ्या आजीने एकदा विचारलं होतं. तिजोरीची असेल, म्हटलं मी. आज चित्राशेजारी धरली. तेच तीन दाते, तीच कडी. कुंकू घासलं, पण खाचेतलं निघत नाही.

देवघरात परत ठेववत नाही, फेकवत नाही. सोबत पाठवतो. दीक्षाबाईंना दाखव. त्या काही बोलल्या नाहीत, तरी तसं कळव.

महादेवराव