सखाराम शिंप्याच्या गोळ्या

नंदुरबार, मंगळवार संध्याकाळ, फेब्रुवारी १९५९

आज सखाराम शिंप्याची बायको माझ्या औषधाच्या दुकानात आली. तो पुन्हा रक्त थुंकतोय. डॉक्टर म्हणाले, क्षयाच्या त्याच गोळ्या आता लागू पडतील याचा भरवसा नाही.

दिवाळीत सखाराम काउंटरशी उभा होता. हसत म्हणाला, "मन्हा खोकला गया भाऊ, आते गोळ्या कसाले?" मध्येच सोडल्या तर रोग उलटतो, हे मला ठाऊक होतं. तरी गप्प राहिलो. सांगणं डॉक्टरांचं काम, असं मनाशी म्हटलं. खरंच तेच कारण? की गर्दी होती? गर्दी नव्हतीच. तो हसला, म्हणून मीही हसलो. ते हसणं दिवसभर डोळ्यांपुढून हलत नाही.

तिला हे सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "डॉक्टरना त्याले धाक वाटस भाऊ. तुमनंच ऐकस तो."

ती गेल्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची नोंदवही चाळली. या गोळ्या नेणारे आणखी चौघे मध्येच यायचे थांबलेत. उद्या दुकान उशिरा उघडेन, आधी त्यांच्या घरी जाईन. सखारामच्या घरी जायचा मात्र धीर होत नाही.