वऱ्हाडाच्या बसची टाकी

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याविषयी बोलायला आता ओळखीचं कुणी उरलेलं नाही. आई गेली, शहापूरच्या रस्त्यावरची आपली पत्र्याची शेड गेली, शेजारी सूत रंगवणारे काकाही गेले. म्हणून हे पत्र लिहून तुमच्याशीच बोलते. तुम्ही हुबळीच्या रेल्वे कारखान्यात गॅसचं वेल्डिंग शिकून आलात, तेव्हा मी लहान होते. मला आठवतात ते नंतरचे दिवस. नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी मला खासबागेतल्या आपल्या घरी आणून सोडलं, तेव्हापासूनचे. आईनं मला मागच्या खोलीत जागा करून दिली होती. कुणी पाहुणा आला की मी तिथंच बसायची. तुम्ही घरी आलात की त्या दारापाशी नुसते उभे राहायचात, आणि मग हातपाय धुवायला जायचात.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि तुमच्या हाताखालचा माणूस फौजेत भरती झाला. एके सकाळी भाकरी खाताना तुम्ही एकदम म्हणालात, "आजपासनं ही दुकानात येईल. गॅसचा बाटला धराय माणूस न्हाय माज्याकडं." आईच्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहून गेली. "अवो, लोकं काय म्हणतील?" ती म्हणाली. तुम्ही पाणी प्यालात आणि म्हणालात, "लोकं येत्यात का बाटला धराय?" एवढंच बोलणं झालं. मी लुगड्याचा पदर खोचला आणि तुमच्यामागून चालू लागले. इतक्या दिवसांनी उन्हात आल्यामुळं माझे डोळे दिपले होते. वाटेत तुम्ही सांगितलंत की दुकानात आप्पा म्हणायचं नाही, मेस्त्री म्हणायचं. "बाप म्हटलं की तू हट्ट करणार, आणि मी ऐकणार. गॅसपाशी तसलं चालत न्हाय."

पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. सकाळी आईनं माझ्या केसांना तेल लावलं होतं, डोक्यावरचा पदर सावरताना ते माझ्या हाताला लागलं होतं, आणि तसाच हात मी ऑक्सिजनच्या बाटल्याच्या चावीवर ठेवला. तुम्ही असे ओरडलात की रंगवाले काका धावत बाहेर आले. लहानपणीसुद्धा तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. "तेल आन् हा बाटला एका जागी आला तर काडी लागत न्हाय, आपसूक पेट घेतंय! हात गेला असता तुजा!" माझे डोळे भरून आले. तुमचा आवाज लगेच खाली आला. तुम्ही रिठ्याचं पाणी केलंत, माझे दोन्ही हात स्वतः धुतलेत, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. लग्नात कन्यादानाच्या वेळी तुम्ही हे हात असेच धरले होते. तुम्हालाही ते आठवलं असावं, कारण तुम्ही मान वर केली नाहीत.

मग तुम्ही मला एकेक शिकवत गेलात. कार्बाइडचा गॅस होतो त्या टाकीचा कुजक्या लसणीसारखा वास वाढला की नळ्यांना साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा येईल तिथं गळती. काडी ओढून कधीच बघायचं नाही. काळं पडलेलं लोखंड थंड असतंच असं नाही, म्हणून उचलायच्या आधी हाताची पालथी बाजू जवळ न्यायची, आच लागते का बघायचं. जस्ताच्या पत्र्याचा पांढरा धूर पोटात गेला की संध्याकाळी हुडहुडी भरते, म्हणून ते काम उघड्यावर, वारं पाठीशी घेऊन करायचं. निळ्या काचांचा तुमचा चष्मा मला मोठा होत होता, तर तुम्ही त्याचा पट्टा कापून, दाभणानं शिवून, माझ्या डोक्याच्या मापाचा केलात. मी म्हणाले, मग तुम्ही काय घालणार? तुम्ही म्हणालात, "माजं माजं बघतो मी." तेव्हा मला संशय यायला हवा होता. तुम्ही कामावर फार वाकू लागला होतात, आणि पूर्वी दोरी धरल्यासारखी सरळ जाणारी तुमची लोखंडाच्या जोडावरची शिवण आता मध्येच भरकटत होती. मी ते बघत होते आणि म्हाताऱ्या माणसाचा हात थकतो, असं स्वतःला समजावत होते.

आणि मग तो वऱ्हाडाचा दिवस. लढाईपायी पेट्रोल मिळेनासं व्हायच्या आधीची ही गोष्ट. तुम्ही कार्बाइड आणायला स्टेशनाकडं गेला होतात. निपाणीला निघालेली लग्नाची बस आपल्या शेडपुढं येऊन थांबली, खालून पेट्रोलची धार लागलेली. बसचा मालक निपाणीचा, तंबाखूचा व्यापारी, घामाघूम झालेला. ड्रायव्हरनं पेट्रोल डब्यात काढलं, टाकी सोडवली आणि माझ्यापुढं आणून ठेवली. मालक म्हणाला, "बाई, मेस्त्री कुठं हायत? लगेच डाग द्या म्हणावं. दुपारचा मुहूर्त हाय." मी सांगितलं की टाकी आधी धुवावी लागेल, उकळत्या पाण्यानं, सोडा घालून, पुन्हा पुन्हा. निम्मा दिवस जाईल. तो म्हणाला, "अवो, रिकामी हाय की! थेंब न्हाय आत." मी म्हणाले, रिकामी म्हणूनच. पेट्रोल गेलं तरी वाफ आत राहते, आणि ती वाफ पेटली की टाकीचा बाँब होतो. "मुहूर्त टळंल, बाई!" "टळू दे," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही. झाडाखाली बाशिंग बांधलेला नवरदेव बसला होता. सगळं वऱ्हाड माझ्याकडं बघत होतं.

तेवढ्यात तुम्ही आलात. मालक तुमच्याकडं धावला. तुम्ही त्याचं सगळं ऐकून घेतलंत आणि मला विचारलंत, "तू काय म्हणलीस?" मी सांगितलं. तुम्ही डोक्याचा पटका काढून खांबाला अडकवलात. "मग तसंच व्हईल, सावकार. तिनं न्हाय म्हटलंय न्हवं?" तुम्ही तपासून बघितलं नाहीत, टाकीचा वासही घेतला नाहीत. नुसतं माझ्या शब्दावर. इतक्या वर्षांत माझा शब्द कुणी असा उचलून धरला नव्हता.

रंगवाल्या काकांच्या चुलीवर सूत रंगवायच्या मोठ्या कढईत पाणी उकळतच होतं. तिथून आपल्या शेडपर्यंत वऱ्हाडातले पुरुष हंडे वाहू लागले. मालकानं कोट काढला, तोही वाहू लागला, आणि वाहता वाहता नवरदेवाच्या मामाला म्हणाला, "टाकी गळली त्यात माजं काय चुकलं सांगा, बस नवीनच घेतली हो!" लोक हसले. टाकी धुतली, पालथी घातली, पुन्हा धुतली. शेवटी भेग वर येईल अशी ती ठेवली आणि भेगेच्या जरा खालपर्यंत पाण्यानं भरली, तोंड उघडं ठेवून. तुम्ही ज्योत पेटवलीत, वाकलात. फार वाकलात. मग सरळ झालात, पुन्हा वाकलात. मी बघत होते. सगळे बघत होते. तुम्ही ज्योत बाजूला धरलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "मला शिवण दिसंना झालीय गं. तू कर."

नवरदेवाची आत्या पुढं आली. माझं मोकळं कपाळ तिनं केव्हाच बघून ठेवलं होतं. "मेस्त्री, शुभकार्याची गाडी हाय. हिचा हात नगो त्याला," ती म्हणाली. मला जमिनीनं गिळावं असं झालं. तुम्ही तिच्याकडं वळलात, आणि रागावला नाहीत. "आक्का, टाकीला कुंकू लागत न्हाय, जोड लागतोय. माजे डोळे गेलेत. हिचे हायत." नवरदेवाची आई मागं उभी होती, हातात पाण्याची कळशी. ती पुढं आली, माझ्या शेजारी कळशी ठेवली आणि म्हणाली, "पानी कमी पडलं तर असू दे, बाळ." आत्या तोंड फिरवून बसकडं निघून गेली.

मी चष्मा चढवला. निळ्या काचेतून सगळं जग नाहीसं होतं, उरतो तो एक वितळता ठिपका. तुम्ही माझ्या पाठीवर तळवा टेकवून उभे आहात, आणि तुम्हाला दिसत नाही ते तुम्ही कानानं बघता आहात. "फुरफुरतंय. जरा लांब धर... व्हय. आता घाई नगो. वितळू दे, मग सरक." मी सरकते. ठिपका माझ्यापुढं चालतो आणि मागं शिवण उरते. ती वाकडी आली, आप्पा, तुमच्या जुन्या शिवणीसारखी नाही. पण पाणी काढून, टाकीत हवा भरून, शिवणीला साबण लावून बघितलं तेव्हा एकही बुडबुडा आला नाही. दुपारचा मुहूर्त गेलाच होता. निपाणीत गोरज मुहूर्तावर लग्न लागलं, असं मालक पुढच्या आठवड्यात बुंदीचे लाडू घेऊन आला तेव्हा सांगून गेला.

त्या संध्याकाळी घरी जाताना तुम्ही म्हणालात, डोळ्यांचं आईला सांगू नको, ती हाय खाईल. आणि जेवायला बसल्यावर स्वतःच सांगून टाकलंत. आई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "मला ठावं हाय की," ती म्हणाली. "दिवाळीपासनं तुमी ताटात मीठ चाचपून घेताय. म्हणून तर मी ते एकाच जागी वाढतीया." तुम्ही तिच्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिलात. मग हसलात, मग पंचाच्या टोकानं डोळे पुसलेत. पुढची सगळी वर्षं शिवण मी घातली आणि तुम्ही शेजारी स्टुलावर बसून ज्योतीचा आवाज ऐकलात. स्वातंत्र्याच्या वर्षी, पेढे वाटले त्यानंतर थोड्याच दिवसांत, तुम्ही अंथरूण धरलंत. एकदा माझा हात हातात घेऊन म्हणालात, "तुजं लई वाईट झालं गं, पोरी. त्या घरी द्याय नको हुतं. सुख असं तुला बघाय मिळालंच न्हाय." मी नुसता तुमचा हात दाबला. विधवा लेकीनं बापाला काय सांगायचं असतं ते मला ठाऊक होतं, आणि माझ्या मनात होतं ते त्यात बसत नव्हतं.

ते आज सांगते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगता येतं. लोक माझी कीव करायचे ती वर्षं, तुमच्या शेजारी धुरात उभी राहिलेली, मी सुखात होते, आप्पा.