भांडुपच्या फाटकातले आठ-चाळीस

मुलुंड, ३ सप्टेंबर १९७४

चि. सौ. विमला हिस अनेक आशीर्वाद.

खोटे लिहून मागणारे तुझे पत्र आले, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग पडले. एरवी तुमच्या बोरिवलीच्या पत्त्यावर मी तीन वर्षांत साधे पोस्टकार्ड टाकलेले नाही. कारण तुझ्या नवऱ्याला, माझ्या सख्ख्या भावाला विचार. आमच्या डॉक्टरांच्या वर्षश्राद्धाला जेवायला बसून त्याने मला सांगितले की भावोजींची गाडी आता भंगारात काढ. माझ्याच घरात, माझ्याच ताटावर.

तू लिहितेस की तुझ्या कुंदाला बाराव्यातला मंगळ निघाला, म्हणून भाऊ तिला अनंताला द्यायला तयार नाही. जन्मवेळ पंधरा मिनिटे पुढची असती तर मंगळ घर बदलतो. तेव्हा गाडीचे घड्याळ त्या दिवशी मागे होते, एवढी एकच ओळ मी लिहून द्यावी. विमला, शाळेत तीस वर्षे मी मुलींना दाखले दिले. खोटा एकही दिला नाही. त्या सकाळी भांडुपच्या रेल्वे फाटकात आपली गाडी अडकली होती, तू मागच्या सीटवर होतीस, डॉक्टर तुझ्यापाशी होते आणि मी पुढे बसून समोरच्या घड्याळात पाहिले. आठ वाजून चाळीस मिनिटे. मंगळावर माझा विश्वास नाही, पण माझ्या डोळ्यांवर आहे.

अनंता मुलगा चांगला आहे. पवईच्या प्रयोगशाळेतली त्याची नोकरी कायम झाली हे ऐकले. कुंदाबरोबर माझ्याकडे आला होता तेव्हा चपला जोडून ठेवून आत आला आणि चहाची कपबशी स्वतः विसळून ठेवली. भाऊला समजावून सांगणे हे तुझे काम आहे. ते टाळून माझ्या सहीमागे लपू नकोस.

कडक लिहिले असले तरी मनात राग नाही, हे तुला ठाऊक आहे.
माणिक

—

बोरिवली, ९ सप्टेंबर १९७४

ती. वन्सं यांस विमलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

रागावलात तरी पत्र आलं यातच मला आनंद. कपबशीचं वाचून कुंदा हसली. गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

वन्सं, ती सकाळ मलाही आठवते हो. मी आकांत करत होते, फाटकवाला गाडीपाशी येऊन पाठ फिरवून उभा होता, आणि पोरीचा पहिला ट्यँहा ऐकू आल्याबरोबर तुम्ही माझी चौकशी करायच्या आधी खणखणीत आवाजात वेळ सांगितलीत! अजून आमच्याकडे कुणी फार नेमकं बोललं की आम्ही त्याला आठ-चाळीस म्हणतो. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

अडचण अशी की तुमच्या भावाचा पत्रिका बघणाऱ्या जोशीबुवांवर जेवढा विश्वास, त्याच्या दुप्पट तुमच्यावर. मी म्हटलं, घड्याळ चुकलं असेल. तर म्हणाले, घड्याळ चुकेल, ताई चुकत नाही. चुकले असं तिने स्वतः म्हटलं तरच मानीन. म्हणजे कधीच नाही. उद्या अनंताचं काही बरंवाईट झालं तर पोरीच्या कपाळी दोष येईल, ही भीती त्यांना झोपू देत नाही. माणूस वाईट नाही, घाबरलेला आहे.

अनंताचे वडील सीतारामपंत दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणालेत. पुढे ते दुसरी मुलगी बघणार. कुंदा टेलिफोनच्या नोकरीवर जाते, येते, बोलत नाही. दुसरं स्थळ आणलंत तर मी समोर येऊन बसणार नाही, एवढंच मला म्हणाली.

खोटं नको, पटलं मला. पण ते घड्याळ सात वर्षं बंद आहे. ते कधी काळी बरोबर चालत होतं याला तरी पुरावा काय? एकदा कुणा जाणत्याला उघडून दाखवा. बरोबर निघालं तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
विमला

—

मुलुंड, २२ सप्टेंबर १९७४

चि. भाऊराव यास आशीर्वाद.

हे पत्र तुला आहे, विमलाला नाही. पूर्ण वाच आणि मग घडी घाल.

घाटकोपरला स्टेशनजवळ, एका जिन्याखाली अंबादास नावाचे गृहस्थ घड्याळे दुरुस्त करतात. मूळचे जालन्याकडचे. गाडीचे घड्याळ काढून आणायला दोन कारागिरांनी नकार दिला होता. हे स्वतः पाना घेऊन मुलुंडला आले आणि गाडीत उताणे पडून, समोरच्या फळीखाली हात घालून त्यांनी ते सोडवले. मला त्यांनी समजावून सांगितले की या घड्याळाची कमान गाडीच्या बॅटरीवर दर दोन-तीन मिनिटांनी आपोआप गुंडाळली जाते. ज्या दोन टिकल्या एकमेकींना टेकून वीज जाते, त्या काळ्या पडल्या की घड्याळ आधी रेंगाळते, मग बंद पडते. पण बाहेरून काही कळत नाही, कारण काटे दिसायला चालू असतात.

मी त्यांना म्हटले की आमचे घड्याळ पहिली सोळा-सतरा वर्षे कधी दुरुस्तीला गेलेच नाही. त्यांनी मागचे झाकण उपडे केले आणि आपले भिंग माझ्या हातात दिले. दुरुस्ती करणारा झाकणाच्या आत सुईने तारीख कोरून ठेवतो, ही त्यांच्या धंद्याची रीत. आत तारीख होती १८-८-५१. कुंदाचा जन्म त्याच साली ११ ऑगस्टचा. मी त्यांना सांगितले की तारीख चुकीची कोरली असेल. त्यांनी नम्रपणे विचारले, की बाई, गाडीची वही आहे का?

वही आहे. डॉक्टर गेल्यापासून ती गाडीच्या कप्प्यातच होती आणि मी उघडली नव्हती. तेल, हवा, टायर, सगळे त्यांच्या अक्षरात. त्यातली नोंद शब्दशः उतरवते:

११ ऑगस्ट. हॉस्पिटलात पोचल्यावर ताडून पाहिले. गाडीचे घड्याळ वीस मिनिटे मागे. माणिकने वेळ सगळ्यांना सांगून टाकली आहे, आणि फार खुशीत आहे. आज तिला सांगत नाही. बाळ-बाळंतीण ठणठणीत, मग वीस मिनिटांचे काय एवढे?
१८ ऑगस्ट. घड्याळ दुरुस्त करून बसवले. माणिकला सांगितलेले नाही.

एकोणीस वर्षे ते त्या गाडीत माझ्या शेजारी बसले, माझ्या तोंडून आठ-चाळीसची गोष्ट शंभर वेळा ऐकली आणि प्रत्येक वेळी मान डोलावली. मला आधी राग आला. मग पुढे वाचवेना, म्हणून वही मिटली आणि अंबादासांना चहा केला.

भाऊ, कुंदाचा जन्म सकाळी नऊ वाजता झाला. मी चुकले. हे जोशीबुवांना दाखव, सीतारामपंतांना दाखव, दारावर चिकटव. माझी सही खाली आहे.

माणिक

—

बोरिवली, २६ सप्टेंबर १९७४

ती. ताईस भाऊचा शि. सा. नमस्कार.

पत्र तीनदा वाचले. ते खिशात घालून जोशीबुवांच्या जिन्यापर्यंत गेलो आणि तिथूनच परत फिरलो. पाटीवर पाढा चुकलो म्हणून तू माझ्या पाठीत धपाटा घातला होतास, तेव्हापासून आजपर्यंत तुझ्या तोंडून ‘चुकले’ हा शब्द ऐकला नव्हता. तू पोरीसाठी तो लिहून, वर सही केलीस. तू एवढे केल्यावर मी वर जाऊन मंगळाची परवानगी मागायची म्हणजे मला लाज वाटली.

तिथून तसाच जोगेश्वरीला सीतारामपंतांकडे गेलो. ते म्हणाले, आमच्याकडून कधीच ना नव्हती, अडले होते ते तुमच्या दारात. दिवाळीनंतरची तारीख धरली आहे. अनंताने पहिला प्रश्न काय विचारला असेल? आत्याबाईंच्या गाडीचे घड्याळ चालू झाले का.

भावोजींच्या गाडीबद्दल बोललो ते बोलायला नको होते. त्यांनी माझ्या बायकोला आणि मुलीला त्याच गाडीतून सुखरूप पोचवले, हे मी विसरलो होतो. पुढच्या रविवारी येतो. हाकलून दिलेस तरी जेवूनच जाईन.

विमला सांगते की तुझे पत्र ती लग्नाच्या शालूत ठेवणार आहे. मी म्हटले, ताईला कळवू नकोस. म्हणून मीच कळवतो.

तुझा धाकटा,
भाऊ

—

मुलुंड, ६ ऑक्टोबर १९७४

चि. कुंदास आशीर्वाद.

तुझा बाप आला, जेवला, दोनदा आमटी मागून घेतली. हे त्याच्याच हाती देते आहे.

मला डोळ्यांमुळे आता गाडी चालवणे जमत नाही. अनंताला यंत्राची जाण आहे आणि तो वस्तू जपून हाताळतो. म्हणून गाडी तुम्हा दोघांना. आभाराचे पत्र लिहायचे असेल तर अंबादासांना लिही. त्यांनी पुन्हा येऊन घड्याळ जागेवर बसवले आणि माझी चूक मला भिंगातून दाखवताना ते एकदाही हसले नाहीत. एवढी सभ्यता मला माझ्या विद्यार्थिनींना शिकवता आली नाही. दुसरे आभार ज्यांचे मानायचे, ते मी रोज मानते आहे.

आज सुपूर्त केले ते असे:

गाडी, जुनी, किल्ल्या दोन. डावे मागचे दार आतून उघडत नाही.
हवा भरायचा पंप, जॅक, पान्यांची पिशवी.
डॉक्टरांची गाडीची वही. पुढची पाने कोरी आहेत, ती भरावी.
घड्याळ एक, चालू. आज सकाळी आकाशवाणीच्या वेळेशी लावले. झाकणाच्या आत खुणा दोन: १८-८-५१ आणि २१-९-७४.

देणार, माणिक. नेणार, भाऊराव. वेळेबद्दल तक्रार असल्यास कळवावे. ऐकून घेतले जाईल.