बास्केटबॉलच्या कोर्टावरचा दुखवटा

अमरावती,
ता. ९ जानेवारी १९६१

चि. सौ. मैनास अ. उ. आ.

आमच्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ २२ तारखेस, रविवारी, अकोल्यास सामना खेळण्यास येत आहे. तर्कशास्त्र शिकविणाऱ्या माझ्याकडे संघाचे व्यवस्थापन का सोपविले, हे प्राचार्यांनी सांगितले नाही. मी घरात कोंडून घेऊ नये, एवढाच हेतू असावा.

तेथील कॉलेजकडून असे कळते की, तुझ्या घरामागील त्यांच्या सिमेंटच्या कोर्टावर तू व शेजारच्या बायकांनी मुगाच्या वड्या वाळत घातल्या असून शिपायास हाकलून लावले. हे शिष्टाचारास धरून नाही. कोर्ट मोकळे करावे.

सामना संपताच मी संघासह परतेन. घरी येणे जमणार नाही, तरी राग नसावा. मेहुणे नत्थुजींस नमस्कार.

तुझा वडीलबंधू,
खुशालराव

अकोला,
ता. १२ जानेवारी १९६१

ती. भाऊले मैनाचा शि. सा. न.

तुमचं पत्र पोचलं. ह्यांनी दोनदा वाचलं अन् दोन्ही बार हासले. एवढी साफ सिमेंटची जागा अख्ख्या मोहल्ल्यात दुसरी नाही. पोट्टे तं वर्षभर उड्या मारतातच तिथं, एक महिना आमच्या वड्या वाळल्या तं काय बिघडलं? शिपायाले आमी हाकललं नाही. मूठभर वड्या देऊन वापस धाडलं.

वहिनीले जाऊन दहा महिने झाले. गोड जेवू घालून, नवी टोपी घालून तुमचा दुखवटा काढाले आमी तीनदा बलावलं. तीनदा तुमी कागद पाठवून नाही म्हनलं. कावून? आता आयका. जेवाले येतो म्हनून लिहाल, तं अख्खं कोर्ट मोकळं. नाही लिहाल, तं अर्ध्यावर वड्या अन् अर्ध्यावर तुमचा सामना. शेजारची पार्वताबाई काठी घेऊन बसनार हाय. कावळ्यासाठी म्हना.

तुमची लहान बहीन,
मैना

अमरावती,
ता. २४ जानेवारी १९६१

चि. सौ. मैनास अ. उ. आ.

झाल्या प्रकाराबद्दल माझ्या तक्रारी लेखी कळवीत आहे. तुझ्या पत्रास मी उत्तर दिले नाही, कारण जेवणास अटी नसाव्यात असे माझे मत होते. परिणामी अर्ध्या कोर्टावर वड्या राहिल्या, दोन्ही संघ एकाच बास्केटात चेंडू टाकू लागले आणि कोणता गुण कोणाचा, हे माझ्या शास्त्रासही ठरविता येईना.

तीनदा चेंडू वड्यांत गेला. तिन्ही वेळा पार्वताबाईंनी तो पदराखाली घेऊन, व्यवस्थापक जेवायला येतात की नाही, एवढेच विचारले. पंचांनी शिटी वाजविली. बाईंनी काठी दाखविली. पंच खाली बसले. चौथ्या वेळी आमच्या कप्तानाने चेंडू मुद्दामच तिकडे फेकला, अशी माझी खात्री आहे.

त्यानंतर तू कोर्टाच्या मध्यभागी पाट मांडून, भर सामन्यात माझ्या डोक्यावर टोपी घातलीस आणि दोन्ही संघांस पंचांसकट जेवायला नेलेस. अहवालात मी ‘जेवणामुळे अनिर्णित’ असे लिहिले आहे. प्राचार्यांनी खुलासा मागितला आहे.

पंगतीत तुझ्या वड्यांची भाजी मला जड वाटली, आणि रुख्मिणीच्या वड्या हलक्या असत, असे मी सर्वांदेखत बोलून गेलो. दहा महिन्यांत तिचे नाव माझ्या तोंडून प्रथमच निघाले. कोणी जेवायचे थांबले नाही. तू तेवढी रागावलीस आणि मला आणखी वाढलेस. त्या रात्री मला झोप लागली.

वड्यांबद्दलचे मत मात्र मी मागे घेत नाही. लोभ आहेच, थोडा रागही असू द्यावा.

तुझा वडीलबंधू,
खुशालराव