उघाडीवरची कोनशिला

मी, देवजी हाशा घरत, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी पुढारीपण आणि सध्या पर्यावरण, राहणार करावे गाव, नवी मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगतो आहे आणि वकीलबाई तेजश्री शेडगे ते लिहून घेत आहेत. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. दिलीप साबळे यांनी तपासून दिला आहे. वीस वर्षे नगरसेवक होतो, तेव्हा असा दाखला कोणी मागितला नाही. मागायला हवा होता. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याएवढी माझी किंमत आता राहिलेली नाही.

कलम १. करावे गावातले चार मजली घर मुलगा मिथुन यास देतो. मी जिवंत असतानाच त्याने ते आपले समजून वरचे तीन मजले भाड्याने भरले, तेव्हा देण्यासारखे फार उरलेले नाही. हा मिथुन ज्या बिल्डरचा भागीदार आहे, त्याला गावामागच्या तळ्यावर टॉवर बांधायचे आहेत. तळ्याचा खटला कोर्टात आहे. बिल्डर म्हणतो, तळे आपोआप आटले, मुळात ही कोरडीच जमीन. मी म्हणतो, खाडीचे पाणी कोणीतरी अडवले. म्हणजे बापलेक एका ताटात जेवतो आणि कोर्टात समोरासमोर बसतो. मिथुन मला म्हणतो, "पप्पा, तुमचं फ्लेमिंगो-फ्लेमिंगो बस झालं आता, फुकटचं टेन्शन." गाढवाला गुळाची चव काय! माझ्या पत्नीने, कै. पुतळाने, हा नवस करून मागितला होता. देवाने नवस ऐकताना लक्ष दिलेले दिसत नाही.

कलम २. पक्षास काहीही देत नाही. माझ्या देहावर झेंडा घालू नये. २०१५ साली माझे तिकीट कापून ज्या दिवट्याला दिले, त्याने शोकसभेत बोलू नये. तसेही त्याला बोलता येत नाही.

कलम ३. एकेचाळीस शाली, एकोणीस मानचिन्हे आणि 'खाडीमित्र' अशी अक्षरे कोरलेला एक काचेचा फ्लेमिंगो, ज्याची मान दोनदा चिकटवली आहे. शाली मासळी बाजारातल्या बायांना टोपल्या झाकायला द्याव्यात. बाकीचे तुर्भ्याच्या भंगारवाल्याला द्यावे. काच तो घेत नसेल तर त्याच्या पाया पडावे.

हे सगळे मला कसे मिळाले ते सांगतो. तिकीट कापले त्या दिवशी मी रुसून तळ्याच्या बांधावर जाऊन बसलो. तळ्याचे तेव्हा डबके उरले होते. एका पेपरवाल्याने फोटो काढला, मागे दोन फ्लेमिंगो आले. दुसऱ्या दिवशी छापून आले, 'खाडीसाठी व्याकूळ माजी नगरसेवक'. व्याकूळ होतोच, पण तिकिटासाठी. आठवडाभरात सीवूड्सच्या टॉवरांतली मंडळी दुर्बिणी घेऊन दारात हजर. मला सर म्हणू लागली. पाव्हण्यांनी माझ्या हातात माइक दिला आणि माइक दिसला की मी थांबतो होय! त्यांतल्या एका बाईने मला विचारले होते, "सर, त्या मच्छीवाल्या केशरबाईंमुळे पक्षी डिस्टर्ब होतात का?" या भल्या माणसांना मी माझा तिरस्कार समप्रमाणात वाटून देतो.

कलम ४. माझी दुर्बीण नात मनस्वी हिला. माझ्या जिवातला जीव ती एकटीच. सातवीत असताना तिने विचारले, "आजोबा, पाणी आटलं कशाने?" मी सांगितले, अज्ञात इसमांनी अडवले. तिने तेच शाळेच्या प्रकल्पात लिहिले आणि पहिला नंबर आला. त्या दिवशी तिने आणलेला पेढा मी न खाता खिशात ठेवला. तो अज्ञात इसम कलम ५ मध्ये आहे.

कलम ५. तो मी.

माझा बाप हाशा उघाडी राखत असे. उघाडी म्हणजे खाडीचे पाणी तळ्यात घेणारी आणि सोडणारी बांधातली मोरी, तिला सागाची फळी. फळी कधी उचलायची, कधी टाकायची, हे बापाने मला शिकवले. ती विद्या मी एकदाच वापरली. २०११ साली अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती लंगडी असते त्या दिवशी, भरदुपारी मोरीत मुरूम आणि सिमेंटच्या गोण्या ठासल्या. इंजिनिअरच्या बापाला जमले नसते. गावाला सांगितले, उघाडीची दुरुस्ती आहे. नारळ फोडला, ताशा वाजवला. तळे मेले की ते कोरडी जमीन ठरते, म्हणून बिल्डरला ते मारून हवे होते. बदल्यात त्याने मला सीवूड्सच्या आपल्या तयार टॉवरमध्ये तेराव्या मजल्यावर फ्लॅट दिला.

आणि पुढारीच मी! बांधावर संगमरवरी कोनशिला बसवली : 'उघाडी दुरुस्तीचा शुभारंभ, शुभहस्ते मा. नगरसेवक श्री. देवजी हाशा घरत'. खाली तारीख. चोर चोरी करून नावाची पाटी लावत नाही. नगरसेवकाला त्याशिवाय झोप येत नाही.

तळ्यात कोलंबी, चिंबोऱ्या, निवट्या धरून केशरबाईने चार पोरे वाढवली. पाणी गेले तशी ती त्याच टॉवरमध्ये भांडी घासायला लागली. एक दिवस कोनशिला उपटून तिने स्वतःच्या दारात टाकली, नाव जमिनीकडे. चौदा वर्षे त्यावर मासे कापते. मी एकदा घाबरत विचारले, नाव खाली का? म्हणाली, "वर ठेवला त मावरा बाटंल."

पुढे भाषणे करता करता मला त्या तळ्याची खरीच माया लागली. कधी लागली ते सांगता येत नाही. नाटकातल्या राजाला खरी भूक लागावी तसे झाले. पण कबूल करायची छाती झाली नाही, कारण शाली येत होत्या. म्हणून हे कलम माझ्या शोकसभेत मोठ्याने वाचावे, मग कोर्टात द्यावे. कोनशिला पुरावा आहे.

कलम ६. तेराव्या मजल्यावरचा फ्लॅट विकून उघाडी मोकळी करावी. मिथुनने आडकाठी केल्यास कलम १ मधले घर मनस्वीला.

कलम ७. बापाची सागाची फळी माझ्या दिवाणखान्यात आहे. तिच्यावर मानचिन्हे मांडली आहेत. ती उतरवून उघाडीला परत लावावी.

साक्षीदार म्हणून डॉ. साबळे यांनी सही केली. दुसरी साक्षीदार केशरबाई. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे वकीलबाई म्हणतात. केशरबाईला मी आयुष्यात काही दिले नाही, तेव्हा तिच्याइतका लायक साक्षीदार गावात नाही.

वकीलबाईंनी तिला सगळे वाचून दाखवले. तिने अंगठा दिला नाही. म्हणाली, "कोरटाची तारीख कवा हाय?"

वकीलबाई म्हणाल्या, "वीस तारखेला, मावशी. शेवटची सुनावणी."

"आनि ह्यो मरल कवा?"



केशरबाई माझ्याकडे वळली. "मेल्यावर त समदेच खरा बोलतान, देवजी. तवर थयं टॉवर उबा ऱ्हाल. पानी मना आता पायजे. तुजा बापूस बोलाचा त तोंडावर बोलाचा. आदी कोरटात बोल, मंग आंगठा." आणि लुगडे झटकून निघून गेली. आयुष्यभर मी जगाला भेकड म्हणत आलो. आज जगाने परत केले.

ठिकाण : करावे. दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५
देवजी हाशा घरत (सही)
साक्षीदार १ : डॉ. दिलीप साबळे (सही)
साक्षीदार २ :

पुरवणी. दिनांक : २० नोव्हेंबर २०२५. आज मी कोर्टात शपथेवर उभा राहून कलम ५ स्वतःच्या तोंडाने सांगितले. मिथुन समोरच्या बाकावरून उठून गेला. दुर्बिणीवाले बाहेर माझ्याशी बोलले नाहीत. मनस्वी बोलली, पण काय बोलली ते मृत्युपत्रात लिहीत नाही. निकाल यायचा आहे. कलम ५ शोकसभेत वाचण्याची गरज आता नाही. शोकसभाही घेऊ नये, कोणी येणार नाही.

कोनशिला कोर्टात जमा झाली आहे. त्यामुळे केशरबाईला मासे कापायला दुसरा दगड आणून देणे माझ्या वारसांवर बंधनकारक आहे. साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकीलबाईंनी पुन्हा सांगितले. ही देणगी नव्हे, भरपाई आहे. दगड चांगला, सपाट असावा. मात्र त्यावर कोणाचेही नाव नसावे, अशी तिची अट आहे.

देवजी हाशा घरत (सही)
साक्षीदार १ : डॉ. दिलीप साबळे (सही)
साक्षीदार २ : केशरबाई, राहणार करावे (डाव्या हाताचा अंगठा, मूळ पत्रावर व पुरवणीवर)